तुले कोनं सांगतलं?

आमच्या गावात कोणी बातमी घेऊन आलं की पाण्याचा गडवा पुढे करायच्या आधीच त्याला विचारतात, "तुनं पाह्यलं का?" तो जरा चाचरला की लगेच दुसरा प्रश्न, "मंग तुले कोनं सांगतलं?" लहानपणी वाटायचं, ही माणसं उगाच संशय घेतात. पुढे अमरावतीला बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं (दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या, एवढंच कारण) आणि पहिल्या महिन्यातच कळलं, की पारावरच्या या दोन प्रश्नांवर आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं कडाक्याची भांडणं झालेली आहेत.

त्या भांडणाला प्रमाणविचार म्हणतात. एखादी गोष्ट जशी आहे तशीच कळली, तर ते कळणं म्हणजे प्रमा. ज्याच्या जोरावर ती कळते ते प्रमाण. जे कळतं ते प्रमेय आणि ज्याला कळतं तो प्रमाता. चारही शब्दांच्या पोटात धातू एकच, 'मा', म्हणजे मोजणे. म्हणजे डोळ्यानं पाहणं, तर्क चालवणं, दुसऱ्याचं ऐकणं ही सगळी मापंच झाली. पायली असते, शेर असतो तशी. कशाला कोणतं माप लावायचं आणि मापच खोटं असेल तर ते ओळखायचं कसं, एवढाच प्रश्न. उत्तरं मात्र लांबत गेली.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाशी. नदी निघते तिकडे मध्य प्रदेशात, मुलताईला. आमच्यापर्यंत येईस्तोवर तिला बरंच काही भेटलेलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात गावात चार दिवस थेंब नव्हता आणि एका सकाळी नदी काठाला लागली. पारावर चर्चा सुरू झाली. चुलत आबाजी म्हणाले, "वरतं पाणी पडलं असन." एक पोरगं मोबाइलमधून मान वर न करता बोललं, "काहीचं पाणी, आबाजी! धरनाचे दरवाजे उघडले असतीन."

आता गंमत पाहा. गौतम ऋषींच्या नावावर असलेलं न्यायसूत्र, म्हणजे न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. त्यावर वात्स्यायनानं भाष्य लिहिलं. त्यात अनुमानाची उदाहरणं दिली आहेत. ढग दाटून आले की पाऊस येणार, हे कारणावरून कार्याचं अनुमान. त्याचं नाव पूर्ववत्. नदी फुगून जोरात वाहताना दिसली की वर पाऊस झालेला असणार, हे कार्यावरून कारणाचं. त्याचं नाव शेषवत्. आबाजींचं वाक्य जसंच्या तसं. पण पोरगंही त्या ग्रंथात हजर आहे. दुसऱ्या अध्यायात सूत्रकार स्वतःच आक्षेप उभा करतात: तुमच्या अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? नदी पाणी अडवल्यानंही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण कोणी वारूळ विस्कटलं तरी त्या निघतातच. मोर ओरडला म्हणता, पण मोराची नक्कल करणारा माणूसही असतो.

याचं उत्तर वात्स्यायन देतो ते मला फार आवडतं, कारण ते पुस्तकात बसून सुचणारं नाही. तो म्हणतो, नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून पावसाचं अनुमान कोणी करतच नाही. धार किती वेगानं येते ते पाहा. फेस किती आहे, पाण्यासोबत फळं, पानं, लाकडं वाहत येतात का, ते पाहा. म्हणजे चूक अनुमानाची नसते, अर्धवट पाहून घाई करणाऱ्याची असते. मोराबद्दल तर तो म्हणतो, खरा आवाज आणि नक्कल यातला फरक सापाला बरोबर कळतो. सापाचा जीव त्यावर असतो ना!

आबाजींनी त्या दिवशी काय केलं? ते उठून काठावर गेले. पाणी गढूळ होतं, पण त्यावर काडी-कचरा नव्हता, फेसही जेमतेम. परत येऊन पोराला म्हणाले, "तुह्यं बराबर हाय. धरनाचंच पाणी हाय, कचरा मांगं ठेवून आलं." न्यायसूत्राचं नावही त्यांनी ऐकलेलं नाही.

अनुमानाचा कणा म्हणजे व्याप्ती. जिथे धूर तिथे आग, हे जे कायमचं नातं, ती व्याप्ती. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे, जसं स्वयंपाकघरात असतं, हे उदाहरण तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पण उलटं चालत नाही. जिथे आग तिथे धूर म्हणाल तर फसाल. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. आगीला धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. चुलीत वाळलेली तुराटी घातली तर धूर जवळजवळ नाही, आणि पावसात भिजलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं) घातली की आईच्या डोळ्यांना धार लागते. उपाधी कळायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

पण न दिसलेली उपाधी महागात पडते, आणि ते विदर्भाइतकं कोणाला ठाऊक? बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला कापूस, आपल्याकडे 2002 साली आला. पुढची बरीच वर्षं बोंडात अळी दिसेना. शेतकऱ्यानं मनात व्याप्ती बांधली: बीटी म्हणजे बोंडअळी नाही. वर्षामागून वर्ष तेच दिसत होतं, मग का बांधू नये? 2017 च्या हंगामात बाहेरून ठणठणीत दिसणारी बोंडं फोडली आणि आत गुलाबी अळी. त्या व्याप्तीत एक अट मुरलेली होती: अळी त्या विषाला सरावलेली नाही तोवर. ती सरावू नये म्हणूनच तर बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे. ते कडेनं पेरायचं, म्हणजे न सरावलेल्या अळ्याही जगतात आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहतो. आमच्या घरी ती पुडी कित्येक वर्षं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकली गेली. चिमूटभर बियाण्यासाठी कोण ओळी मोडणार?

चार्वाक नेमका इथेच हसला असता. त्याचं म्हणणं, पाहिलं तेवढंच खरं, प्रत्यक्ष हे एकच प्रमाण. सगळ्या काळातला सगळा धूर आणि सगळी आग तुम्ही पाहिली आहे का? मग 'जिथे धूर तिथे आग' कशाच्या बळावर म्हणता? प्रश्न बिनतोड आहे, आणि बोंडअळीच्या साली आम्हाला तो पटलाही असता. त्यावर इतरांचा टोलाही तसाच: समोरचा चुकतो आहे हे चार्वाकाला कशावरून कळलं? दुसऱ्याच्या मनातलं अज्ञान काही डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बोलण्यावरून अनुमानच करावं लागतं. म्हणजे अनुमान खोटं आहे हे दुसऱ्याला पटवायलाही अनुमानच लागतं.

आणि पाहिलेलं तरी कुठं सगळं खरं असतं? न्यायसूत्रातल्या प्रत्यक्षाच्या व्याख्येत दोन राखणदार बसवले आहेत. इंद्रिय आणि वस्तू यांच्या भेटीतून झालेलं ज्ञान हे तर हवंच, शिवाय ते चुकणारं नको आणि डळमळीत नको. चुकणारं म्हणजे मृगजळ. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं ते तळं. डळमळीत म्हणजे लांबून काहीतरी उठताना दिसतं, पण धूर आहे की धूळ हे ठरत नाही, हे वात्स्यायनाचंच उदाहरण. ट्रॅक्टर येतो आहे की कोणी धुरा पेटवला आहे, यावर आम्ही आजही पैज लावतो. अंधार पडताना दूरवर उभं दिसतं ते खोड की माणूस, हे संशयाचं जुनं उदाहरण. बुजगावण्याला रामराम घातलेला माणूस आमच्या घरातच आहे, नाव सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न, "तुले कोनं सांगतलं?" याला शब्दप्रमाण म्हणतात. शब्द म्हटलं की लोकांना एकदम वेद आठवतात. मीमांसकांसाठी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांसाठी, मोठा मुद्दा तोच होता, हे खरं. पण न्यायसूत्रातली व्याख्या दोनच शब्दांची आहे: आप्तोपदेशः शब्दः. आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, उलट नातेवाईकांपासून जपावं लागतं. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली आहे आणि ती जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. आणि भाष्यात पुढे वात्स्यायन म्हणतो, ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखीच लागू. मला हे वाक्य सबंध प्रमाणशास्त्रात सर्वांत धाडसी वाटतं. माणसाची जात, मान, पोशाख बाजूला; त्याला त्या गोष्टीतलं कळतं का आणि तो खरं सांगतो का, एवढंच विचारायचं. ज्या काळात आणि ज्या समाजात हे लिहिलं गेलं, त्यानं ते किती पाळलं हा वेगळा विषय. पण रानातल्या वाटेबद्दल गुराख्याचं म्हणणं प्रमाण आणि पोथी घेऊन बसलेल्याचं नाही, असं म्हणायला जागा या व्याख्येनं करून ठेवली आहे.

याच्या शेजारी पौराणिकांनी आणखी एक प्रमाण मांडलं, ऐतिह्य. म्हणजे 'असं म्हणतात'. उदाहरण काय, तर 'या वडावर यक्ष राहतो'. पहिल्यांदा कोण म्हणालं, पत्ता नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. आमच्याकडे वडाच्या जागी पिंपळ आणि यक्षाच्या जागी मुंजा, बाकी काही फरक नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायसूत्र मानणाऱ्यांनी, याला वेगळं प्रमाण मानायला नकार दिला. सांगणारा आप्त निघाला तर ते शब्दातच आलं, नाही निघाला तर ते प्रमाणच नव्हे. मोबाइलवर येतो ना तो निरोप, 'सर्व शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा' असा शेवट असलेला, खाली सही कोणाचीच नाही? तोही वडावरचा यक्षच. कोणतं तरी औषध कोणत्या तरी पाण्यात मिसळून फवारायला सांगतो, आणि लोक फवारतातही.

मग ऐकलेलं लगेच खरं धरायचं, की आधी तपासायचं? यावर मीमांसक आणि नैयायिक कित्येक शतकं भांडले. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते खरंच धरा. खोटेपणाचं कारण पुढे आलं तर सोडा. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, खरेपणा बाहेरून ठरतो. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. हे परतःप्रामाण्य. आमच्या घरात हे दोन्ही पक्ष आहेत. सोयाबीनच्या बॅगेवर उगवणशक्ती छापलेली असते. काका ते वाचून पेरायला निघतात. बाबा नाही. ते मे महिन्यात 100 दाणे मोजतात, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, रोज पाणी शिंपडतात आणि आठवडाभरात उघडून कोंब मोजतात. 70 च्या वर आले तर ठीक; कमी आले तर बियाणं वाढवून पेरायचं, फारच कमी आले तर बदलायचं. काका म्हणतात, छापलं आहे ते काय खोटं आहे? मीमांसकांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की प्रत्येक गोष्ट गोणपाटात गुंडाळून पाहत बसलो तर पेरणीचा पाऊस निघून जाईल.

न दिसण्याचंही ज्ञान होतं का? भाट्ट मीमांसक (कुमारिलाचे अनुयायी) आणि अद्वैती म्हणतात, होतं, आणि त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. जमिनीवर घागर नाही, हे 'नाही' डोळ्याला कसं दिसणार? पण त्यांनी अट घातली: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही, असं म्हणता येत नाही. कापसात कामगंध सापळे लावतात, त्यात बोंडअळीचे नर पतंग अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली समजायचं. एका वर्षी आमचे सापळे रिकामेच. आम्ही खूश. नंतर लक्षात आलं, आतली गंधाची गोळी कधीच संपलेली होती. पतंग असते तरी आलेच नसते. रिकामा सापळा आम्ही पाहिला, पण अट विसरलो.

उरलेली दोन लवकर सांगतो. अर्थापत्ती म्हणजे एरवी जुळत नाही म्हणून मानावंच लागतं ते. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री जेवतो. तीन वर्षं नापिकी सांगणाऱ्याच्या घरावर स्लॅब पडला की गावही अर्थापत्ती करतं, फक्त गावाची उडी थेट गुप्तधनावर जाते. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, ही साधी शक्यता मध्ये राहून जाते. उपमान म्हणजे सारखेपणावरून नाव आणि वस्तू यांची गाठ पडणं. ग्रंथांत उदाहरण गवय नावाच्या रानजनावराचं आहे. गाईसारखं असतं असं ऐकलेला माणूस रानात ते पाहतो आणि म्हणतो, हाच गवय. पुण्याच्या भाच्याला आम्ही सांगितलं होतं, रोही (नीलगाय) गाईएवढा असतो, पण मान घोड्यासारखी. संध्याकाळी तुरीत उभा दिसला तेव्हा तो स्वतःच ओरडला, "मामा, रोही!" तेवढ्यात रोह्यानं दोन ओळी खाल्ल्या होत्या.

प्रमाणं किती, यावर एकमत कधीच झालं नाही. चार्वाक एक मानतो. बौद्ध आणि वैशेषिक दोन, प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य त्यात शब्द घालून तीन. नैयायिक उपमान धरून चार. प्रभाकराचे मीमांसक अर्थापत्तीसह पाच. कुमारिलाचे मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीसह सहा. पौराणिक आठवर जातात. आकडे परीक्षेला लागतात. मला त्यांच्यापेक्षा एक आक्षेप जास्त महत्त्वाचा वाटतो, तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा. तिबेटी ग्रंथकार त्याचा जन्म विदर्भातला सांगतात. अर्थात ते हजारावर वर्षांनी लिहीत होते, तेव्हा तुले कोनं सांगतलं, हे त्यांनाही विचारावं लागेल.

नागार्जुन म्हणतो: वस्तू प्रमाणानं सिद्ध होते, कबूल. मग प्रमाण कशानं सिद्ध होतं? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल, तर ते दुसरं कशानं? ही साखळी संपतच नाही. याला अनवस्था म्हणतात.

ही अनवस्था मी बारावीत असताना आमच्या अंगणात पाहिली. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाला एक व्यापारी इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला. वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते, म्हणून आई रोजचा वेचा तानकाट्यानं मोजून वहीत मांडायची. वहीत 11 क्विंटल. त्याच्या काट्यावर साडेदहा. तो म्हणाला, "कापूस वाळला ना, माय." हे खोटं म्हणता येईना, कापूस वाळतोच. बाबा काही न बोलता घरात गेले आणि गव्हासाठी आणलेली युरियाची न फोडलेली गोणी घेऊन आले. तिच्यावर 45 किलो छापलेलं. काट्यावर ठेवली: 43. व्यापारी हसला, "गोनीच कमी भरली असन." झालं, आता काटा तपासणारी गोणी कोण तपासणार? बाबा पुन्हा आत गेले, दुसरी गोणी आणली. पुन्हा 43. मग शेजाऱ्याकडून डीएपीची आणली, तिच्यावर छापलेले 50. काट्यावर 47 किलो 800. तीन गोण्या, दोन वेगळी खतं, आणि तूट एकाच हिशेबात. व्यापाऱ्यानं काटा उचलला आणि 'उद्या येतो' म्हणून गेला.

एम.ए.ला न्यायसूत्र मुळातून वाचताना नागार्जुनाच्या धर्तीच्या आक्षेपाशी पोहोचलो. उत्तरात सूत्र आहे: प्रमेया च तुलाप्रामाण्यवत्. तराजू सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण वजन ठाऊक असलेलं सोनं घेऊन आपण दुसरा तराजू तपासतो, तेव्हा सोनं प्रमाण होतं आणि तराजू प्रमेय. एकच वस्तू आज माप असते, उद्या मोजली जाते. शंका येईल तिथे तपासायचं, शंका फिटली की थांबायचं. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बाबांना फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

"कोनं लिवलं म्हनतं?" बाबांनी विचारलं.

"गौतमानं. दोन हजार वर्षं होत आली."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"मानसानं कापूस इकला असन."